चिठ्ठीवर 'हर्पीस' लिहिलंय, आता घरी काय सांगू?

पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असे तपशील काढून: पत्र लिहिणारी ३४ वर्षांची आहे, मुंबईच्या उपनगरात राहते, ऑफिस फोर्टला, रोज लोकलने जाऊनयेऊन करते. घरात नवरा, सासूबाई आणि ४ वर्षांचा मुलगा. पाठीत डाव्या बाजूला तीन-चार दिवस चमका मारत होत्या, आग होत होती, गर्दीत उसण भरली असेल म्हणून तिने बाम चोळला. मग त्याच जागी लाल चट्टे उठले आणि त्यावर पाण्याचे फोड, पाठीपासून डाव्या छातीखालपर्यंत पट्टाच्या पट्टा. फॅमिली डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले नागीण आहे, चिठ्ठीवर 'हर्पीस झोस्टर' लिहिलं, ७ दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सोबत सीबीसी, शुगर आणि एचआयव्ही अशा टेस्ट लिहून दिल्या. नवऱ्याने मोबाईलवर हर्पीस शोधलं तर वर सगळं लैंगिक आजाराचंच आलं. त्याने विचारलं, "हे कुठून आणलंस?" आपली बाजू खरी करायला तिने स्वतःच लॅबवाल्याला घरी बोलावून हर्पीस सिम्प्लेक्सची आयजीएम टेस्ट (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीची) करून घेतली आणि तीच पॉझिटिव्ह आली. रिपोर्टवर १.१० च्या वर पॉझिटिव्ह असं छापलंय, हिचा आकडा १.२४. सासूबाई म्हणतात गावी नागीण उतरवणाऱ्याकडे चल. पुढच्या रविवारी नणंदेचं डोहाळजेवण याच घरात आहे. तिचे प्रश्न असे: डॉक्टरांनी दोन मिनिटं बघून सांगितलं ते खरं की लॅबचा रिपोर्ट खरा? गोळ्या चालू ठेवू का? आणि कुठली टेस्ट केली म्हणजे नवऱ्याला पटेल?

ताई, तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या की गोळ्या बंद करू नका, बाकीचं सविस्तर लिहिते. तुम्ही चालू ठेवल्यात असं कळवलंत, बरं वाटलं. हे आधी सांगते कारण अशीच पत्रं मला बऱ्याच जणींची येतात आणि सगळ्यांत मोठी चूक तिथेच होते, आधी आजार नक्की कुठला ते ठरू दे मग औषध घेईन असं म्हणत चार दिवस निघून जातात. नागिणीच्या औषधाचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर होतो. त्यानंतरही नवे फोड येतच असतील तर डॉक्टर देतात, पण पहिले तीन दिवस महत्त्वाचे. तुम्हाला असायक्लोविर ८०० दिलंय, दिवसातून पाच वेळा, म्हणजे सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ असं काहीतरी बसवावं लागतं, ऑफिसमध्ये असताना दुपारची गोळी हमखास राहते म्हणून मोबाईलला अलार्म लावा, आणि पाणी भरपूर प्या कारण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. कोणाला किडनीचा त्रास आधीपासून असेल तर डोस बदलावा लागतो, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगायचं. ज्यांना पाच वेळा जमणारच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारावं, व्हॅलासायक्लोविर दिवसातून तीन वेळा घेता येतं, जरा महाग पडतं इतकंच. आणि केमिस्टकडून ट्यूब आणून लावू नका. असायक्लोविरच्या मलमाचा नागिणीवर उपयोग नाही, आणि 'खाज, गजकर्ण, सगळ्यावर चालतं' म्हणून जी क्रीमं हातात देतात त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, ते तर नकोच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डॉक्टरांनी एकही टेस्ट न करता दोन मिनिटांत सांगितलं म्हणून तुम्हाला ते निष्काळजीपणाचं वाटतंय. मला तुमची शंका चुकीची वाटत नाही, उलट विचारायलाच हवं, पण त्यामागे एक गृहीत धरलेलं आहे की टेस्ट म्हणजे पुरावा आणि डोळ्यांनी बघणं म्हणजे अंदाज. नागिणीच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. जगभरात कुठेही जा, हा आजार बहुतेक वेळा बघून आणि विचारूनच ओळखतात. डॉक्टरांनी त्या दोन मिनिटांत काय बघितलं असेल ते सांगते. आधी तीन-चार दिवस नुसती आग आणि चमका, कातडीवर काही नाही, मग त्याच जागी फोड. फोड एकेकटे विखुरलेले नाहीत, लाल चट्ट्यावर घोळक्याने आलेत. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे पट्टा एकाच बाजूला आहे. तुम्ही स्वतः आरशात बघा, मागे पाठीच्या कण्याजवळ तो सुरू होतो आणि पुढे छातीच्या मधोमध येऊन थांबतो, उजवीकडे जात नाही. असं नेमकं मध्यावर थांबणारं पुरळ घामोळ्याचं नसतं, ॲलर्जीचं नसतं, ढेकूण-डासांचंही नसतं. तो पट्टा म्हणजे एका नसेचा इलाका आहे. मणक्यातून दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नसा निघतात आणि त्यातल्या डावीकडच्या एका नसेवरून व्हायरस कातडीपर्यंत आलाय. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी तंतोतंत जुळतंय, मला तुमच्या डॉक्टरांचं निदान पटतंय.

मग हा व्हायरस कुठून आला? नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की तो तुमच्याच शरीरात होता, लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हापासून. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की तिसरीत असताना कांजिण्या आल्या होत्या आणि आईने कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली होती. तोच हा. व्हॅरिसेला झोस्टर त्याचं नाव. कांजिण्या बऱ्या होतात पण व्हायरस जात नाही, मणक्याशेजारी नसांच्या गाठी असतात त्यात गुपचूप पडून राहतो, वीस वर्षं, पन्नास वर्षं, आणि प्रतिकारशक्ती जरा खाली आली की एखाद्या नसेवरून बाहेर येतो. हे नीट मांडलं ते एडगर होप-सिम्पसन नावाच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने, इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावातल्या आपल्या पेशंटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी बघून, १९६५ साली. त्यासाठी तो शेटलंडमधल्या येल नावाच्या बेटावरही जाऊन आला होता, कारण अशा छोट्या जागी कोणाला कधी काय झालं होतं ते लोकांना आठवत असतं. त्याच्या लक्षात आलं की नागीण कोणाकडून कोणाला लागत जात नाही, ती ज्याची त्याच्यात झोपलेल्या कांजिण्यांमधून उठते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय कारण 'कुठून आणलं' हा प्रश्न या आजाराला लागूच होत नाही. अमेरिकेत दर ३ माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते. आपल्याकडेही प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोणाला ना कोणाला होऊन गेलेली असते. पन्नाशीनंतर जास्त होते हे खरं, पण तिशीत होतच नाही असं नाही.

नावाचा घोळ मात्र खरा आहे आणि त्यात तुमच्या नवऱ्याचा दोष तेवढा नाही. हर्पीस हे एका मोठ्या खानदानाचं आडनाव समजा. माणसाला होणारे या घराण्यातले आठ व्हायरस आहेत. त्यातला हर्पीस सिम्प्लेक्स वेगळा, त्याचे दोन प्रकार, एक बहुतेक करून ओठावर ताप फुटल्यासारखे फोड आणणारा आणि दुसरा बहुतेक करून लैंगिक संबंधातून पसरणारा. तुमचा झोस्टर हा तिसराच, कांजिण्यांचा. मोबाईलवर नुसतं हर्पीस टाकलं की सिम्प्लेक्सची माहिती समोर येते आणि झोस्टर कुठेतरी खाली राहतो. चिठ्ठीवर दोन्ही शब्द होते, घरात एकच वाचला गेला.

आता तो रिपोर्ट. ताई, तुम्ही किती घाबरून ती टेस्ट केली असेल ते मला कळतंय, घरात बसून कोणी संशयाने बघत असेल तर माणूस काहीतरी कागद हातात हवा म्हणून धडपडतोच. पण ती टेस्ट तुमच्या आजाराची नव्हती. कांजिण्यांच्या व्हायरसचा आजार आणि तपासलं सिम्प्लेक्सला. त्यातही आयजीएम. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हणते की सिम्प्लेक्ससाठी आयजीएम टेस्ट करूच नका, अगदी ज्यांना खरोखर लैंगिक हर्पीसची शंका आहे त्यांनीसुद्धा. कारण ती टाइप १ आणि टाइप २ मधला फरक नीट सांगत नाही, जुना आजार डोकं वर काढतो तेव्हाही पॉझिटिव्ह येऊ शकते म्हणजे संसर्ग नवा की जुना ते कळत नाही, आणि याच घराण्यातला दुसरा व्हायरस अंगात जागा झालेला असेल तर त्याच्यामुळेही चुकून पॉझिटिव्ह दाखवू शकते. तुमच्या अंगात त्याच वेळी झोस्टर जागा होता. १.१० च्या रेषेवर १.२४ हा आकडा म्हणजे काठावरचा, त्याच्यावर कोणी काही ठरवू नये, आणि तुमचा संसार तर नाहीच नाही.

समजा उद्या तुम्ही आयजीजी म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीची टेस्ट केली, ती जरा भरवशाची असते, प्रकार वेगळे सांगणारी मिळते, आणि त्यात टाइप १ पॉझिटिव्ह आला. मग? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण ३८० कोटी लोकांच्या अंगात टाइप १ आहे, म्हणजे ६४ टक्के. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, मावशीने, आजोबांनी, शेजारच्या काकूंनी गालाची पापी घेतली त्यातून. तुमच्या नवऱ्याची टेस्ट केली तर त्याचीही पॉझिटिव्ह यायची शक्यता भरपूर. आणि कुठलीही रक्ताची टेस्ट हे सांगत नाही की कोणाकडून आला, कधी आला, कसा आला. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला, की कुठली टेस्ट केली म्हणजे नवऱ्याला पटेल, माझं उत्तर असं की त्याला जे हवंय ते सांगणारी टेस्ट अस्तित्वातच नाही, आणि असती तरी तुम्ही ती करावी असं मी म्हटलं नसतं. आजाराची तपासणी तुमच्या उपचारासाठी करायची असते. नवऱ्याच्या मनातल्या संशयासाठी तुम्ही हात पुढे करून सुई टोचून घेत राहिलात तर दर रिपोर्टनंतर नवा प्रश्न येईल, पहिल्या रिपोर्टने तेच केलं बघा.

याचा अर्थ निदानावर शंका घेऊच नये असा नाही. नागिणीसारखी दिसणारी पण नागीण नसलेली प्रकरणं असतात. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा एक बारीक काळा-नारिंगी किडा असतो, तो अंगावर चिरडला गेला की सकाळी चटका बसल्यासारखा लांबट लाल पट्टा उठतो, मग त्यावर पिवळट फोड, लोक म्हणतात कोळी मुतला आणि काहीजण त्यालाही नागीणच म्हणतात. पण त्यात आधीचे तीन-चार दिवस आतून दुखलेलं नसतं, आणि कोपराच्या किंवा काखेच्या घडीत असेल तर जिथे कातडी कातडीला लागते तिथे दोन्हीकडे एकसारखा डाग उमटतो. कधी बाम किंवा लेपाची ॲलर्जी असते, तुम्ही बाम चोळला होता म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनीही मनात विचारला असेल, पण बामाने एका नसेच्या रेषेत नेमके मध्यापर्यंत फोड येत नाहीत. आणि खरा अवघड प्रकार म्हणजे सिम्प्लेक्स स्वतःच कधीकधी पट्ट्यासारखा येतो. तो ओळखायची खूण अशी की परत परत त्याच जागी येतो, दर काही महिन्यांनी. कोणाला 'नागीण वर्षातून तीनदा होते' असं होत असेल, किंवा फोड कमरेखाली, ढुंगणावर, ओठाभोवती असतील, किंवा पट्टा दोन्ही बाजूंना पसरत असेल, अंगभर फोड उठत असतील, आठवडा उलटला तरी नवे येतच असतील, तर तिथे नुसत्या नजरेवर थांबू नये. स्किनच्या डॉक्टरकडे जावं. ते फोडातलं पाणी किंवा वाळलेली खपलीसुद्धा पीसीआरला पाठवू शकतात, आणि ती टेस्ट कांजिण्यांचा व्हायरस की सिम्प्लेक्स ते वेगळं करून सांगते. जुनी एक पद्धत आहे, फोडाच्या तळाचं खरवडून काचेवर बघायची, झँक स्मिअर म्हणतात, तीही होते पण ती फक्त या घराण्यातला आहे एवढंच सांगते, कुठला ते नाही.

तुम्हाला मनाचं समाधान हवं असेल तर एकदा स्किनच्या ओपीडीत दाखवून या, त्यात काही वावगं नाही. केईएम, सायन, नायर, कूपर सगळीकडे आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, गर्दी असते, पण रोज असे पेशंट बघणारे डॉक्टर तिथे आहेत. जाताना फोड आले त्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर घेऊन जा, आता खपल्या धरायला लागल्यात, मूळ चित्र फोटोतच दिसेल. ज्यांना आज फोड आलेत त्या सगळ्यांना सांगते, उजेडात फोटो काढून ठेवा, रोज एक. आणि मग डॉक्टरांना सरळ विचारा की तुम्ही नागीण कशावरून म्हणताय, याच्याशिवाय दुसरं काय असू शकतं, आणि पुढच्या चार दिवसांत काय झालं तर मी परत यावं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनाही हे विचारता आलं असतं आणि अजूनही येईल, आपण मात्र डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि मग तोच प्रश्न शेजारणीला, मोबाईलला आणि लॅबवाल्याला विचारतो. लॅबवाला बिचारा सांगितलेली टेस्ट करून जातो, कुठली करायची ते ठरवणं त्याचं काम नाही.

एचआयव्हीच्या टेस्टबद्दल तुम्ही लिहिलंय, "डॉक्टरांनी माझ्याकडे बघून असं का समजावं?" मला हे वाक्य वाचून वाईट वाटलं. ताई, त्यांनी तसं काही समजलेलं नाही. नागीण प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढते, आणि पन्नाशीच्या आत झाली तर डॉक्टर बघतात की मागे काही कारण आहे का, म्हणून शुगर, म्हणून सीबीसी, म्हणून एचआयव्ही. तिन्ही एकाच रांगेतल्या. तरुणपणी नागीण झालेल्या बहुतेकांची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्हच येते, पण ज्या थोड्यांची येत नाही त्यांना ती वेळेत कळणं फार मोलाचं असतं, आज त्याला रोज एक गोळी घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो. डॉक्टरांनी हे लिहून देताना दोन वाक्यं समजावून सांगायला हवी होती, ते राहिलं, आणि त्या न सांगितलेल्या दोन वाक्यांची जागा घरात संशयाने घेतली. टेस्ट करून टाका. सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी नावाचं केंद्र असतं, तिथे फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्टची गुप्तता पाळावी लागते. काही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, तोही फुकट.

आता नवरा. तुमच्या पत्रावरून मला तो दुष्ट वाटत नाही, घाबरलेला वाटतो, आणि घाबरून जे बोलला ते फार लागण्यासारखं आहे, दोन्ही खरं. तुम्ही एकट्या त्याला समजवत बसू नका. तुम्ही कितीही बरोबर सांगितलंत तरी त्याला ते स्वतःचा बचाव केल्यासारखंच ऐकू येईल. त्याला घेऊन त्याच फॅमिली डॉक्टरांकडे जा, आधी फोन करून सांगा की घरात असा गैरसमज झालाय, तुम्ही स्वतः माझ्या मिस्टरांना सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांच्या तोंडून 'कांजिण्यांचा व्हायरस' हे दोन शब्द ऐकले की बऱ्याच घरात तिथेच विषय मिटतो. आणि मिटल्यावर, लगेच नाही, जरा बरं वाटल्यावर, त्याला एवढं जरूर सांगा की तू विचारलंस ते मला फोडांपेक्षा जास्त दुखलं. ते गिळून टाकू नका. डॉक्टरांनी समजावल्यावरही तो तेच धरून बसला, तर मग प्रश्न नागिणीचा उरलेला नाही, तुमच्या दोघांमधला आहे आणि तेव्हा मला परत लिहा, त्यावर वेगळं बोलू.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर बघितलंय की उतरवणाऱ्याकडे गेलं, गेरू लावला, आणि पंधरा-वीस दिवसांत माणूस बरा झाला. ते त्यांनी बघितलेलं खोटं नाही, नागीण बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत आपोआपच सुकते. वेढा पूर्ण झाला, तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो अशी जी भीती आहे तीही त्यांच्या मनात खरीच आहे, त्यांना आरशासमोर उभं राहून दाखवा की पट्टा मध्यावर थांबलाय, उजवीकडची नस वेगळी आहे, वेढा पूर्ण होण्याचा संबंध येत नाही. फक्त ओल्या फोडांवर कुठलाही लेप लावू देऊ नका, गेरूही नाही आणि दूर्वा-तांदूळ वाटूनही नाही, त्याने जखम चिघळते, पू होतो, डाग राहतात. साध्या पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, सैल सुती कपडा. ब्राची पट्टी नेमकी तिथेच घासते, घरी असताना घालूच नका, बाहेर जाताना खाली पातळ सुती बनियन घाला. गावी जायचं असेल तर बरं झाल्यावर जा, देवाला नमस्कार करायला.

पण एक गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा, आणि बाकी सगळ्यांनीही लक्षात ठेवा. पट्टा छातीवर-पाठीवर असेल तर आज ना उद्या बरा होतो. तोच कपाळावर, डोळ्याभोवती आला, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कानात फोड आणि तोंड एका बाजूला वाकडं, तरीही त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे उतरवण्यात एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

डोहाळजेवणाचं खरंच जपून ठरवावं लागेल. नागीण लागत नाही असं मी वर म्हटलं, पण फोडातल्या पाण्यात तो व्हायरस असतो आणि ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत, लसही घेतली नाही, त्याला त्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाईला कांजिण्या होणं आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचं असतं. म्हणून आजच नणंदेला फोन करा, लपवू नका, आणि एवढंच विचारा की तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. झाल्या असतील तर काळजी जवळजवळ मिटली. आठवत नसेल, आईलाही आठवत नसेल, तर तिने तिच्या डॉक्टरांना सांगावं, रक्ताची एक टेस्ट करून कळतं. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशात कांजिण्या न होताच मोठ्या झालेल्या बऱ्याच बायका असतात. आणि मधल्या काळात ती तुमच्याकडे येऊन गेली असेल, कांजिण्या झालेल्या नसतील, तर तेही डॉक्टरांना लगेच कळवावं, वेळेत दिलं तर संरक्षणाचं इंजेक्शन असतं. तुमच्या सगळ्या फोडांवर कोरडी खपली धरली की तुमच्याकडून धोका संपला, त्याला साधारण ७ ते १० दिवस लागतात. रविवारपर्यंत एखादाही फोड ओला असेल आणि नणंदेचं नक्की माहीत नसेल तर कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकला किंवा नणंदेच्या सासरी करा. सासूबाईंनी तुम्हाला माहेरी पाठवायचं म्हटलंय, त्याची गरज नाही, घरातल्या घरात पट्टा झाकून, टॉवेल वेगळा ठेवून, हात धुऊन भागतं. हा व्हायरस ताटवाटीतून पसरत नाही, तुमचं ताट वेगळं काढायला कोणी लागलं असेल तर ते आजपासून बंद करा.

मुलाचं लसीचं कार्ड काढून बघा. कांजिण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, मुलांच्या डॉक्टरकडे पैसे देऊन घ्यावी लागते, दोन डोस असतात, दुसरा बऱ्याच जणांचा राहून जातो. दोन्ही झाले असतील तर त्याला जवळ घ्यायला काही हरकत नाही, फक्त पट्टा झाकलेला हवा. राहिला असेल तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत, त्यांच्यासाठी नागिणीची वेगळी लस २०२३ पासून भारतात मिळतेय, पन्नाशीनंतरच्यांना देतात, दोन डोस, चांगली परिणामकारक आहे पण महाग आहे, परवडत असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून बघा.

आणि शेवटचं, दुखण्याबद्दल. खपल्या पडल्या की घरच्यांना वाटतं संपलं, पण नस अजून दुखावलेली असते, कपडा लागला तरी झणझणतं, रात्री झोप लागत नाही. हे मनाचे खेळ नाहीत. तुमच्या वयात बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं, वय जास्त असेल तर जास्त रेंगाळतं, तीन महिन्यांच्या पुढे राहिलं तर त्याला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत. साध्या पॅरासिटामॉलने भागत नसेल तर सहन करत बसू नका, नसेच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन अशा, त्यांनी गुंगी येते म्हणून डॉक्टर कमी डोसवर सुरू करतात आणि त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. लोकलमध्ये दाराशी उभं राहू नका त्या दिवसांत. ऑफिसला अजून चार-पाच दिवस सुट्टी मिळत असेल तर मागा, चिठ्ठी डॉक्टर देतील, आणि त्यावर झोस्टर लिहायचं नसेल, ऑफिसमध्येही तोच गोंधळ व्हायला नको असं वाटत असेल, तर तसं सांगा, 'कांजिण्यांच्या व्हायरसचा त्वचेचा संसर्ग' असंही लिहून देता येतं.